पालघरचे धक्के आणि तारापूरची अणुभट्टी

११ नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात भूकंपाचे धक्के बसू लागले आणि ते थांबायचे नाव घेईनात. डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी आणि तलासरी तालुक्यातील आसपासची गावे-पाडे हे त्यांचे मुख्य क्षेत्र होते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात एकामागून एक धक्के बसले. त्यांतला मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. महिन्याभराने, मार्चच्या सुरुवातीला, ४.३ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले, शाळा उघड्यावर भरू लागल्या, थंडीत कुटुंबे अंगणात आणि तंबूत झोपू लागली. पुढच्या काही वर्षांत भूकंपमापकांनी या पट्ट्यात हजारो लहानमोठे धक्के नोंदवले. त्यांतले बहुतेक माणसाला जाणवण्याइतकेही मोठे नव्हते. तरीही जमिनीखालून येणारा गडगडाट लोकांची झोप उडवायला पुरेसा होता.

धुंदलवाडीपासून नैऋत्येला, सरळ रेषेत सुमारे ३० ते ३५ किलोमीटरवर, समुद्रकाठी तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आहे. तिथून दक्षिणेला ४५ ते ५० किलोमीटरवर वसई-विरार शहर पसरलेले आहे. २०११ च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली. त्यामुळे धक्क्यांच्या बातम्या येऊ लागल्यावर जो प्रश्न डहाणूत विचारला गेला तोच बोईसर, पालघर आणि विरारमध्येही विचारला गेला: मोठा भूकंप झाला तर तारापूरचे काय होईल? जपानमधील फुकुशिमाची दृश्ये लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेली होती. हा प्रश्न अडाणीपणातून आलेला नव्हता. मात्र त्याचे उत्तर देताना अनेकदा फक्त ‘केंद्र सुरक्षित आहे’ एवढेच सांगितले जाते. भूकंपात अणुभट्टीला नेमका धोका कुठून येतो आणि तो टाळण्यासाठी काय केलेले असते, हे सविस्तर समजून घेतल्याशिवाय त्या एका वाक्याचे मोल ठरवता येत नाही.

आधी जमिनीविषयी. दख्खनचे पठार आणि कोकण हा भाग हिमालयासारखा सतत हलणारा नाही. पण तो अचल आहे ही समजूत महाराष्ट्रात दोनदा मोडून पडली आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला ६ पेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला त्याच प्रतीच्या भूकंपाने सुमारे दहा हजार बळी घेतले. किल्लारीचा परिसर तोवर नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखवलेला होता. पुढे २००२ साली भारतीय मानक ब्युरोने नकाशा सुधारला, तेव्हा तो सर्वांत खालचा विभागच रद्द केला. या सुधारित नकाशात मुंबई, ठाणे आणि पालघर हे भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागात येतात.

उत्तर कोकणाला स्वतःचाही काही इतिहास आहे. १९८३ साली ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाच्या परिसरात धक्क्यांची अशीच मालिका सुरू झाली होती. धरणात पाणी साठल्यावर खाली वाढलेल्या दाबाशी तिचा संबंध जोडला गेला. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, सातिवली इथली गरम पाण्याची कुंडे वसईच्या लोकांना चांगली परिचयाची आहेत. काळ्या पाषाणाच्या जाड थराखाली खोलवर गेलेल्या भेगा असल्याची ती दृश्य खूण आहेत. जुन्या भूकंपसूचींमध्ये २६ मे १६१८ रोजी मुंबई परिसरात मोठा भूकंप झाल्याची नोंद सापडते. पण तिच्यातले वर्णन वादळवारे आणि बुडालेल्या जहाजांचे आहे. ते मुख्यतः चक्रीवादळ असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. जुन्या कागदांवर भूकंपाचे गणित मांडणे किती अवघड असते, याचा हा नमुना आहे.

पालघरच्या मालिकेला शास्त्रज्ञ भूकंपांचा थवा म्हणतात. नेहमीच्या भूकंपात एक मोठा धक्का आणि त्यामागून उतरत्या क्रमाने लहान धक्के असतात. थव्यात तसा ठळक मुख्य धक्का नसतो. साधारण सारख्या आकाराचे धक्के महिनोन्‌महिने येत राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे उपकरणे बसवून अभ्यास केला. पावसाचे पाणी खडकातील भेगांमधून खोल मुरते, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेले खडक सरकतात, असे एक स्पष्टीकरण त्यातून पुढे आले. धक्के जमिनीखाली फार खोल नसल्यामुळे आवाज मोठा येतो आणि लहान धक्काही जवळच्या गावात जोरात जाणवतो. थवा बहुतेक वेळा मोठ्या भूकंपाशिवाय विरून जातो. तसा तो विरेलच याची हमी मात्र कोणताही प्रामाणिक शास्त्रज्ञ देत नाही.

इथे अंकांचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. तीव्रतेचा अंक एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोनाने वाढला तर ती जवळपास हजार पट होते. म्हणजे मार्च २०१९ चा ४.३ चा धक्का आणि कोयनेचा भूकंप यांच्यात अंकाचा फरक दोनाचा, पण ऊर्जेचा फरक हजारपटीचा आहे. धुंदलवाडीत घरांना तडे पाडणारा धक्का तारापूरपर्यंत पोहोचेस्तोवर क्षीण होतो. आजवरच्या थव्याने केंद्राला धोका निर्माण केला नाही, हे विधान म्हणूनच बरोबर आहे. खरा विचार करायचा तो अजून न झालेल्या भूकंपाचा.

तारापूरला चार अणुभट्ट्या आहेत आणि त्या दोन वेगळ्या पिढ्यांच्या आहेत. पहिल्या दोन अमेरिकन बनावटीच्या आहेत. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार त्या उभारल्या गेल्या आणि ऑक्टोबर १९६९ पासून त्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. भारतातले हे पहिले अणुवीज केंद्र. या भट्ट्यांत समृद्ध युरेनियम इंधन म्हणून वापरतात आणि साधे पाणी भट्टीतच उकळून त्या वाफेवर जनित्र फिरवतात. मूळ प्रत्येकी २१० मेगावॉटची त्यांची क्षमता पुढे १६० मेगावॉटवर आणण्यात आली. जगातल्या सर्वांत जुन्या व्यापारी अणुभट्ट्यांत त्यांची गणना होते. तिसरी आणि चौथी अणुभट्टी भारतीय बनावटीची, प्रत्येकी ५४० मेगावॉटची. चौथी आधी, २००५ साली सुरू झाली आणि तिसरी २००६ साली. त्यांत नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरले जाते. भट्टीभोवती काँक्रीटची दुहेरी भिंत आहे आणि भट्टी विझवण्याच्या दोन परस्परांपासून स्वतंत्र व्यवस्था आहेत. एकीत कॅडमियमचे दांडे वरून खाली पडतात, दुसरीत गॅडोलिनियमचे द्रावण जड पाण्यात सोडले जाते. एक व्यवस्था बिघडली तरी दुसरीने काम भागावे असा त्यामागचा विचार आहे.

‘तारापूर किती रिश्टरचा भूकंप सोसेल?’ हा प्रश्न सर्रास विचारला जातो, पण अभियंते त्या अंकावर रचना करत नाहीत. एखाद्या इमारतीला बसणारा हादरा भूकंपाच्या आकारावर जसा अवलंबून असतो तसाच तो अंतरावर, खोलीवर आणि पायाखालच्या खडकावर किंवा मातीवर अवलंबून असतो. ६ तीव्रतेचा भूकंप दहा किलोमीटरवर झाला तर जो हादरा बसेल, तो शंभर किलोमीटरवरच्या त्याहून मोठ्या भूकंपानेही बसणार नाही. म्हणून रचना करताना त्या विशिष्ट जागी जमीन जास्तीत जास्त किती वेगाने झटका देईल, म्हणजे किती त्वरण निर्माण होईल, हे ठरवतात. त्यासाठी सुमारे ३०० किलोमीटर परिघातील भ्रंश आणि जुने भूकंप तपासले जातात. पाच किलोमीटरच्या आत सक्रिय भ्रंश सापडला तर ती जागाच नाकारायची, असा भारतीय नियम आहे. मग हादऱ्याच्या दोन पातळ्या धरतात. पहिल्या पातळीपर्यंत केंद्र चालू राहू शकले पाहिजे. दुसरी पातळी फार दुर्मीळ, दहा हजार वर्षांतून एकदा संभवणाऱ्या भूकंपाची. तिच्यात केंद्राचे नुकसान झाले तरी चालेल, पण भट्टी विझली पाहिजे, थंड राहिली पाहिजे आणि किरणोत्सार आतच राहिला पाहिजे.

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे भूकंपांची अपुरी नोंद. दख्खनसारख्या भागात एकाच भ्रंशावरच्या दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात आणि लेखी इतिहास चार-पाचशे वर्षांपलीकडे फारसा पोहोचत नाही. जैतापूरच्या नियोजित केंद्राबाबत रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या भूकंपशास्त्रज्ञांनी २०११ साली ‘करंट सायन्स’मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. भूकंप झाल्याची नोंद नाही म्हणजे तो होणारच नाही असे धरता येत नाही. कोयना आणि किल्लारीसारखा भूकंप अशा भागात कुठेही संभवतो, असे त्यांचे सांगणे होते. जे जैतापूरला लागू आहे ते तारापूरलाही लागू आहे. किंबहुना धुंदलवाडीच्या थव्याने तारापूरजवळच्या जमिनीविषयी नवी माहिती पुरवली आहे. त्या माहितीच्या आधारे केंद्राच्या भूकंपविषयक गृहीतकांची फेरतपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष जाहीर व्हावा, ही मागणी पूर्णपणे वाजवी आहे.

आता अणुभट्टीच्या धोक्याचा गाभा. लोकांच्या मनात चित्र असते ते भिंत फुटण्याचे. प्रत्यक्षात भूकंपाने भट्टीचा कोष फुटून अपघात झाल्याचे उदाहरण जगात नाही. हादरा जाणवताच भट्टी आपोआप विझते, काही सेकंदांत साखळी अभिक्रिया थांबते. मात्र विझलेली अणुभट्टी लगेच थंड होत नाही. इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्ये क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. भट्टी बंद झाल्याच्या क्षणी ही उष्णता चालू स्थितीतल्या उष्णतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्का, दिवसाभराने अर्धा टक्का. टक्के लहान वाटतात. पण ५४० मेगावॉट वीज देणारी भट्टी आत सुमारे १७०० मेगावॉट उष्णता निर्माण करत असते. तिचे सहा टक्के म्हणजे शंभर मेगावॉट, आणि दिवसानंतरही आठ-नऊ मेगावॉट उरतात. ही उष्णता पाण्याने सतत वाहून नेली नाही तर पाणी उकळून जाते, इंधन उघडे पडते आणि वितळते. इंधनाचे झिर्कोनियमचे आवरण वाफेशी संयोग पावून हायड्रोजन तयार होतो, आणि हायड्रोजनचा स्फोट होऊ शकतो. म्हणून भूकंपानंतर विचारायचा पहिला प्रश्न असा: पंपांना वीज आहे का, आणि पंपांना पाणी आहे का?

११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात हेच घडले. ९ तीव्रतेच्या भूकंपात चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या ठरल्याप्रमाणे विझल्या. बाहेरून येणारी वीज गेली, तेव्हा डिझेल जनित्रेही सुरू झाली. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली. केंद्राचा ओटा समुद्रसपाटीपासून १० मीटर उंच होता आणि लाट १४-१५ मीटरची होती. जनित्रे आणि विजेच्या फळ्या खालच्या मजल्यांवर होत्या, त्या बुडाल्या. पुढच्या काही दिवसांत तीन भट्ट्यांतले इंधन वितळले आणि दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमाहून जवळ असलेले ओनागावा केंद्र मात्र वाचले. ते सुमारे १४ मीटर उंचीवर बांधलेले होते आणि त्याची बाहेरच्या विजेची एक वाहिनी शाबूत राहिली. त्या गावचे बेघर झालेले लोक त्या केंद्राच्याच क्रीडागृहात आसऱ्याला गेले. एकाच देशात, एकाच दिवशी, एकाच भूकंपात दोन केंद्रांची दोन टोकांची गत झाली, ती काही मीटर उंचीमुळे आणि एका तारेमुळे.

पालघरच्या परिस्थितीशी जास्त जुळणारे उदाहरण जपानचेच, पण वेगळे आहे. १६ जुलै २००७ रोजी काशिवाझाकी-कारिवा केंद्राजवळ ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला. रचनेत धरलेल्या पातळीपेक्षा हादरा मोठा बसला. चालू भट्ट्या विझल्या आणि थंडही राहिल्या. आवारातल्या एका रोहित्राला आग लागली, थोडे किरणोत्सारी पाणी समुद्रात गेले आणि सात भट्ट्यांचे ते अवाढव्य केंद्र तपासणीसाठी दीर्घकाळ बंद राहिले. रचनेत राखलेली जादा ताकद कामी आली, आणि आधीचा भूकंपाचा अंदाज चुकीचा होता हेही उघड झाले. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

भारताचा स्वतःचा अनुभवही दुर्लक्षण्याजोगा नाही. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात सुरतजवळचे काक्रापार केंद्र सुरक्षितपणे चालू राहिले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या समुद्राच्या पाण्याच्या पंपघरात पाणी शिरले, भट्टी बंद करण्यात आली आणि अपघात टळला. सर्वांत गंभीर प्रसंग भूकंपाचा नव्हता. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. मुख्य आणि पर्यायी वीजवाहिन्या एकाच वाटेने गेल्या होत्या, त्या एकदमच जळाल्या. सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी पाणी पुरवून भट्टी थंड ठेवली. फुकुशिमाच्या १८ वर्षे आधी भारताला हा धडा मिळाला होता: पर्यायी व्यवस्था मुख्य व्यवस्थेच्या शेजारीच असेल तर ती पर्यायी राहत नाही.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत हीच उणीव होती. दोन्ही भट्ट्या काही यंत्रणा सामायिक वापरत होत्या. २००५-०६ मध्ये त्या काही महिने बंद ठेवून वीजव्यवस्था वेगवेगळ्या करण्यात आल्या, नवी डिझेल जनित्रे आली, पूरक नियंत्रणकक्ष उभारला गेला आणि भूकंपाच्या दृष्टीने जुन्या रचनेची फेरतपासणी झाली. फुकुशिमानंतर अणुऊर्जा महामंडळाची कृतिदले आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची एस. के. शर्मा यांच्या अध्यक्षतेखालील समिती यांनी सगळ्या केंद्रांचा आढावा घेतला. त्यानंतर तारापूरला बाहेरून नळी जोडून भट्टीत पाणी सोडता येईल अशी तोंडे बसवली गेली, हायड्रोजन पेटू नये म्हणून नायट्रोजनची सोय झाली आणि दाब वाढल्यास कोषातली हवा गाळून बाहेर सोडण्याची व्यवस्था झाली. २०२० साली या दोन्ही भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या आणि भट्टीतले पाणी फिरवणाऱ्या मुख्य नळ्या बदलण्याचे काम हाती घेण्यात आले.

या जुन्या भट्ट्यांच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा आपत्कालीन शीतकाचा आहे. विजेशिवाय, केवळ वाफ वर जाऊन थंड होऊन पाणी खाली येण्याच्या नैसर्गिक क्रियेने तो काही तास भट्टी थंड ठेवतो. ही खरोखर चांगली सोय आहे. पण त्याच जातीचा शीतक फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीतही होता. वीज जाताच त्याच्या झडपा मिटल्या, आणि तो चालू आहे की बंद, हे कर्मचाऱ्यांना बराच काळ समजले नाही. उपकरण असणे आणि अंधारात, हादरे बसत असताना, ते माणसांना चालवता येणे यांत फरक आहे. जुन्या भट्ट्यांचे आयुष्य वाढवताना कागदावरच्या यादीइतकेच या सरावाकडे लक्ष दिले गेले पाहिजे. वापरलेले इंधन पाण्याच्या तलावांत साठवलेले असते. भट्ट्या बंद असल्या तरी त्या तलावांतले पाणी टिकवावेच लागते, ही गोष्टही चर्चेत बहुधा निसटते.

त्सुनामीचा धोका अरबी समुद्रात आहे, पण जपानइतका नाही. या समुद्रातला तिचा मुख्य उगम मकरान किनाऱ्याजवळ, तारापूरपासून हजार किलोमीटरच्या आसपास आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपानंतर लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि इथेही काही माणसे बुडाली होती. एवढ्या अंतरामुळे दोन गोष्टी साधतात. दूरच्या भूकंपाचा हादरा तारापूरला जोरात बसत नाही, आणि लाट येण्याआधी इशाऱ्याला काही तास मिळतात. फुकुशिमात भूकंप आणि लाट यांनी एकाच तासात गाठले, ती गत इथे संभवत नाही.

एवढे सगळे असूनही लोकांचा विश्वास का बसत नाही, याची कारणे केवळ भौतिकशास्त्रात नाहीत. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी वर्षानुवर्षे न्यायालयात चालल्या. घराच्या बाबतीत दिलेला शब्द पाळला गेला नाही असे ज्यांना वाटते, ते सुरक्षिततेच्या शब्दावर सहज विश्वास कसा ठेवतील? नियामक मंडळ १९८३ साली सरकारी आदेशाने स्थापन झाले, कायद्याने नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात त्याच्या स्वायत्ततेच्या अभावावर बोट ठेवले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या शांती कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आणि त्याच कायद्याने खासगी कंपन्यांसाठी या क्षेत्राचे दारही उघडले. मंडळ प्रत्यक्षात किती स्वतंत्रपणे वागते, यावर पुढचा विश्वास ठरेल. मंडळाचे अहवाल इंग्रजीत असतात. डहाणूच्या पाड्यावर किंवा नालासोपाऱ्याच्या चाळीत ते कोणी वाचावेत अशी अपेक्षा ठेवता येत नाही. मराठीत, आकडे न लपवता, वेळेवर दिलेली माहिती हा सुरक्षेचाच भाग मानला पाहिजे.

वसई-विरारपुरते बोलायचे तर, केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतचा पट्टा आपत्कालीन नियोजनात धरलेला असतो. या पट्ट्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली योजना तयार ठेवायची, ठरावीक काळाने तिचा सराव घ्यायचा आणि आयोडीनच्या गोळ्यांचा साठा ठेवायचा असतो. या गोळ्या फक्त कंठग्रंथीचे किरणोत्सारी आयोडीनपासून रक्षण करतात आणि सूचना मिळाल्यावरच घ्यायच्या असतात. वसई-विरार या पट्ट्याच्या बरेच बाहेर आहे. तिथे सर्वांत वाईट परिस्थितीतही बहुधा पहिली सूचना असेल ती घरात राहण्याची आणि दारे-खिडक्या बंद ठेवण्याची, आणि नंतर काही काळ दूध, भाजी आणि मासे यांच्या तपासणीची. वाऱ्याची दिशा कोणती, पाऊस आहे की नाही, यावर बरेच काही अवलंबून असेल.

पण घरात राहण्यासाठी घर उभे असावे लागते. १ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोटो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या शिका अणुकेंद्रातून किरणोत्सार बाहेर आला नाही. केंद्र २०११ पासूनच बंद होते. मात्र केंद्राच्या आपत्कालीन योजनेची परीक्षा झाली आणि तीत ती नापास झाली. रस्ते खचले, गावांचा संपर्क तुटला, किरणोत्सार मोजणाऱ्या काही केंद्रांची माहिती येणे थांबले, आणि ज्या घरांत लोकांनी थांबायचे ती घरेच कोसळली होती. अणुअपघाताची योजना आणि भूकंपाची योजना वेगवेगळ्या फायलींत ठेवता येत नाहीत, हे त्या दिवशी दिसले.

पालघर जिल्ह्याला हे उदाहरण थेट लागू पडते. वसई-विरारमध्ये अनधिकृत इमारतींचा प्रश्न जुना आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नालासोपाऱ्यातील ४१ अनधिकृत इमारतींवर २०२५ च्या सुरुवातीला कारवाई झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली इमारत कोसळून १७ जण मेले, आणि तेव्हा भूकंप झालेला नव्हता. मध्यम तीव्रतेचा भूकंप जवळपास झाला, तर तारापूरची भट्टी विझेल आणि थंड राहील याची शक्यता बरीच मोठी आहे. खाडीलगतच्या भरावावर, कुठल्याही तपासणीशिवाय उभ्या राहिलेल्या इमारती उभ्या राहतील याची शक्यता त्या मानाने कितीतरी कमी आहे. याचा अर्थ केंद्राविषयीची काळजी निराधार आहे असा नाही. काळजी करायच्या यादीत इमारतींची नावेही तितक्याच ठळकपणे हवीत. त्याच यादीत सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण हवे. वसई-विरारचे बरेच पाणी तिथून येते आणि ते धरणही पालघर जिल्ह्यातच आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखानेही त्याच यादीत हवेत. तिथे भूकंप नसतानाही आगी लागतात, स्फोट होतात आणि कामगार मरतात.

शहराची भौगोलिक ठेवणही ध्यानात घ्यावी लागते. वसई-विरार दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा यांच्यामध्ये आहे. बाहेर पडण्याच्या मुख्य वाटा म्हणजे पश्चिम रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग. मुंबईकडे जाताना दोन्ही खाडीवरच्या पुलांवर अवलंबून आहेत आणि उत्तरेकडे जाताना वैतरणेवरच्या पुलांवर. भूकंपात पुलांची तपासणी होईपर्यंत वाहतूक थांबवावीच लागते. म्हणजे तारापूरकडून काही सूचना यायची असेल, तर ती अशा वेळी येईल की रेल्वे बंद आहे, मोबाइलचे मनोरे विजेविना पडले आहेत आणि अग्निशमन दल ढिगारे उपसण्यात गुंतले आहे. जिल्ह्याचा आपत्कालीन सराव भूकंप गृहीत धरून, वीज व दूरध्वनी बंद ठेवून, बोईसरपासून वसईपर्यंतच्या रुग्णालयांना आणि महापालिकेला सोबत घेऊन केला, तरच त्यातून खऱ्या त्रुटी दिसतील. त्यासाठी नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही. १६ किलोमीटरच्या आतल्या गावांचा सराव आणि त्याबाहेरच्या शहराची भूकंप-योजना एकाच टेबलावर आणण्याचा अधिकार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आहे.